तारोडीचा काचेचा पेरू

भाईंदर पूर्वेला माझं चष्म्याचं दुकान आहे. समोर काउंटर, मागे पडदा आणि पडद्यामागे डोळे तपासायची खुर्ची, एवढाच पसारा. वीस-बावीस वर्षं मी तिथे उभी राहून लोकांना "आता खालची ओळ वाचा" असं सांगतेय. आणि जवळपास तितकीच वर्षं मला एक खोड आहे. माझा नवरा शाळेत गणित शिकवायचा, त्यामुळे तो कमी शब्दांत सांगतो. "आमच्या बाईला गोट्यांचा नाद आहे."

गोट्या म्हणजे पेपरवेट. काचेचे, जुने आणि अमेरिकेत बनलेले. यातला "अमेरिकेत बनलेले" हा भाग ऐकला की लोक माझ्याकडे जरा निरखून बघतात. मी त्यांना दोष देत नाही.

याची सुरुवात ठाण्याच्या कोर्टाबाहेर झाली. दुकानाच्या परवान्यासाठी प्रतिज्ञापत्र करायला मी गेले होते. झाडाखाली टेबल टाकून एक नोटरी बसले होते आणि त्यांच्या कागदांवर काचेचा एक घुमट होता. आत लाल गुलाब उभा. चिकटवलेला नाही, रंगवलेला नाही, काचेतच उमललेला. दिवसभर भिंगं हाताळणारी बाई मी, पण असली स्वच्छ आणि जड काच मी तोवर हातात घेतली नव्हती. प्रतिज्ञापत्रात काय लिहिलंय ते न वाचताच मी सही केली.

"साहेब, हा कुठला?"

"आधीच्या वकिलांचा. टेबलाबरोबर आला."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम परत गेले. बरोबर एक नवा कोरा, नारळाएवढा पेपरवेट नेला होता. आत ताजमहाल, आणि हलवला की त्याच्यावर चमकी पडायची. "साहेब, तुमच्या टेबलाला हा शोभेल," मी म्हटलं. ते इतके खूश झाले की त्यांनी चहा मागवला आणि माझ्या एका जादा प्रतीवर शिक्का मारून दिला. गुलाब घेऊन मी घरी आले. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही समोरचा येडा वाटला तर तो व्यवहार उत्तम, असं माझं मत आहे.

तो गुलाब अमेरिकेतला आहे हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. इंटरनेटवर फोटो बघत बघत मी तिकडच्या एका म्हाताऱ्या संग्राहकाला पत्र लिहिलं. त्याने उत्तर दिलं: उलटा करा, बुडाचा फोटो पाठवा. मग त्याने समजावलं की न्यू जर्सीच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यांतले कामगार जेवणाच्या सुट्टीत, मालकाच्या भट्टीत, उरल्यासुरल्या काचेतून असे गुलाब करायचे आणि डब्यातून घरी न्यायचे. हे वाचून मला त्या कामगारांविषयी एकदम आपलेपणा वाटला. त्यानंतर मुंबईच्या दारूखाना बंदरात तोडलेल्या जहाजांच्या सामानातून, कुणा विलायतेला गेलेल्या साहेबाच्या मागे राहिलेल्या खोक्यांतून, एक एक करत माझ्याकडे आठ जमले. घरी भांड्यांच्या फडताळात वरच्या कप्प्यात ते असतात. एक मी दुकानात काउंटरवर ठेवते, बिलं उडू नयेत म्हणून. असं मी सांगते. खरं म्हणजे दिवसातून चार वेळा हात लावता यावा म्हणून.

त्या काउंटरवरच्या पेपरवेटमुळेच मावशी माझ्या आयुष्यात आली.

तारोडीची ही मावशी तेव्हा ऐंशीच्या आसपास होती. उत्तनकडच्या जुन्या ख्रिस्ती घरातली, नवरा बोटीवर नोकरी करून केव्हाच वारलेला, मुलं वसईला. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. डॉक्टरांनी दिलेला नंबराचा कागद आणि फडक्यात बांधलेला मोडका चष्मा घेऊन ती बसने भाईंदरला आली आणि पूल चढून-उतरून माझ्या दुकानात. मी फ्रेम दाखवत होते, तेवढ्यात तिने पेपरवेट उचलला, हातात तोलला आणि खाली ठेवला.

"आमच्याकडं पण हाय असला," ती म्हणाली. "पेरू."

"पेरू?"

"काचेचा पेरू. म्हाताऱ्यानं अमेरिकेशीन आणलेला. खाली काचेची ताटली चिकटलेली हाय. कुणाला दिसलं तर खायला धावंल."

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात दीडशे वर्षांपूर्वी फुंकणीने काच फुगवून खरोखरच्या आकाराची फळं बनवत, सफरचंदं आणि नासपती, आणि ती गरम असतानाच काचेच्या जाड चकतीवर बसवत. मी फक्त फोटोत बघितली होती. तिने ज्याला पेरू म्हटलं ती नासपती असणार हे मला लगेच कळलं.

"मावशी," मी शक्य तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "तुम्ही परत कशाला येता एवढ्या लांब? चष्मा तयार झाला की मीच आणून देईन."

तोवरच्या पंधरा-सोळा वर्षांत मी कुणालाही घरपोच चष्मा दिला नव्हता. आमच्याच बिल्डिंगमधल्या लोकांनासुद्धा "दुकानात या" सांगते. नवऱ्याला हे कळल्यावर त्याने वर्तमानपत्र खाली केलं. "तारोडीला होम डिलिव्हरी? कुणाचा जीव धोक्यात आहे?"

तारोडीला मावशीचं घर कौलारू, पुढे ओटी, ओटीला लागून अंगण. मी आत शिरता शिरता पेरू शोधत होते. घरातल्या अल्तारावर, येशूच्या तसबिरीपाशी, नव्हता, कपाटात नव्हता. तो अंगणात होता. एक टोपली पालथी घातलेली, तिच्याखाली खुडूक कोंबडी, आणि कोंबडीने टोपली उलथू नये म्हणून टोपलीच्या डोक्यावर, उन्हात, दीडशे वर्षांची नासपती. एका बाजूने पिवळी, दुसऱ्या बाजूने लाली चढलेली, देठाकडे किंचित वाकडी.

मी मावशीच्या नाकावर चष्मा चढवला.

"झ्याक दिसतंय," मावशी म्हणाली. "तुला घाम आलाय, तो पण दिसतंय."

मी तो विकत मागितला. तिने मान हलवली. "म्हाताऱ्याची आठवण हाय, बाय." मी म्हटलं, आठवण कोंबडीच्या डोक्यावर ठेवतात का? "म्हातारा होता तेव्हा तो पण कोंबड्याच सांभाळायचा," ती म्हणाली.

पण तिने मला सरळ नाही म्हटलं नाही. तिथेच मी फसले. "नाताळ होऊन जाऊ दे, मग बघू." नाताळ झाला. "आता उपासाचे दिवस, आता कसला सौदा?" ते संपले. "नातीचं लगीन हाय मे महिन्यात." अशी तीन वर्षं गेली. दर महिना-दोन महिन्यांनी काहीतरी निमित्त काढून मी बसने तारोडीला जायची. कधी नोज पॅड बदलायला, कधी स्क्रू आवळायला. नातीच्या लग्नात घालायला तिला काळा गॉगल हवा होता, तो दिला. मग तिच्या जावेचा चष्मा, मग शेजारणीचा, मग शेजारणीच्या भावाचा, तोही बायफोकल. प्रत्येक वेळी परतताना पिशवीत तिचा घरी कुटलेला बाटली मसाला, सुका जवळा नाहीतर गरम फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव. आणि प्रत्येक वेळी टोपलीवर पेरू.

"तिने तुला बरोबर जोखलंय," नवरा जवळ्याची चटणी खाता खाता म्हणाला. "चालू दे. मला पेरू मिळाला नाही तरी चालेल."

आता मी जे सांगणार आहे ते मला शोभणारं नाही.

काचेच्या बांगड्यांच्या एका व्यापाऱ्याशी माझी ओळख होती. त्याचा माल फिरोजाबादहून यायचा. मी मावशीच्या पेरूचे सगळ्या बाजूंनी मोबाईलवर फोटो काढले होतेच. ते त्याला दिले आणि म्हटलं, तुमच्या कारागिराकडून असा एक करून आणा. पहिला आला तो वांग्यासारखा. दुसरा बल्बसारखा. तिसरा मात्र आला आणि मी बघतच राहिले. तीच लाली, तेच पिवळेपण. बूड मात्र नव्या काचेचं, गुळगुळीत. जुन्या पेपरवेटच्या बुडावर वर्षानुवर्षं घासून बारीक ओरखडे पडलेले असतात आणि ते सगळ्या दिशांनी जातात. नकली माल करणारा पॉलिशपेपर एकाच दिशेने फिरवतो आणि सापडतो. हे मला माहीत होतं. म्हणून मी दोन दिवस तो पेरू आमच्या ओट्यावर गोल गोल, आडवा, उभा, तिरका घासला. मग कोऱ्या चहात बुडवून ठेवला. नवऱ्याने चहाच्या पातेल्याचं झाकण उचललं, आत बघितलं आणि झाकण परत ठेवलं.

मनाची समजूत घालायला मला फार वेळ लागला नाही. मावशीला वजन हवंय, मला काच हवीये. नोटरीसाहेबांशी केला तसाच हा व्यवहार. फरक एवढाच, की यात एका बाजूला विचारलेलं नाही.

पुढच्या खेपेला मावशी चहा टाकायला आत गेली आणि मी अंगणात उतरले. पर्समधला पेरू टोपलीवर, टोपलीवरचा पेरू पर्समध्ये. कोंबडीने टोपलीच्या फटीतून माझ्याकडे एक डोळा करून पाहिलं. मग मी ओटीवर येऊन शहाण्यासारखी चहा प्यायले आणि दोन बिस्किटंही खाल्ली.

घरी आल्यावर मी पेरू फडताळात बाकीच्या सात जणांच्या मधोमध ठेवला. तीन वर्षं ज्याच्यासाठी झुरले तो समोर होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. लहानपणी रत्नागिरीला शेजाऱ्यांच्या कलमावरचा आंबा पाडला की तो गोड लागायचा. हा लागेना. दुसऱ्या दिवशी दुकानात मी एकाची डावी काच उजवीकडे बसवली. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. नवरा म्हणाला, "अमेरिका पचत नाहीये वाटतं."

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मावशी दुकानात आली.

काउंटरपाशी आमच्या वरच्या मजल्यावरचे एक गुजराती काका उभे होते, चष्म्याची दोरी निवडत. मावशी आत आली, स्टुलावर बसली, चष्मा काढून माझ्यासमोर ठेवला.

"चष्मा बिघडला," ती म्हणाली.

"काय होतंय, मावशी? टोचतो का?"

"टोचत न्हाय. खोटं दाखवतंय."

तिने पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली, उलगडली आणि माझा फिरोजाबादी पेरू काउंटरवर ठेवला. "ह्यो बघ. तीन वर्सं मी ह्या चष्म्यातून ह्यो पेरू बघतंय. देठाकडं वाकडा दिसायचा, आता सरळ दिसतंय. लाल होता, तो केशरी झाला. पेरू तर बदलत न्हाय ना, बाय? म्हंजे चष्माच बिघडला असणार. तपासून दे."

तिचा चेहरा इतका भोळा होता की क्षणभर मला खरंच वाटलं, तिला काही कळलेलं नाही.

गुजराती काकांनी दोरी खाली ठेवली आणि स्वतःचा चष्मा काढून बघितला. "मेरा भी इधर का ही है," ते म्हणाले. "बराबर है ना?"

मी चष्मा घेऊन पडद्यामागे गेले. लेन्सोमीटरवर लावला. नंबर कागदावर होता तसाच्या तसा, तसूभर इकडेतिकडे नाही. मी तिथेच उभी राहिले. सोपा रस्ता समोर होता. बाहेर जाऊन म्हणायचं, हो मावशी, काच जरा खराब झालीये, ठेवून जा, परवा आणून देते. परवा जायचं, चहाच्या वेळी पेरू बदलायचा, आणि "बघा आता कसा दिसतो" म्हणायचं. वाक्य तोंडात तयार होतं. पण मी पेपरवेटच्या बाबतीत कितीही लबाड्या केल्या असल्या तरी नंबराच्या बाबतीत कधी केली नव्हती. बरोबर केलेल्या चष्म्याला मी चुकीचं म्हणायचं? तेही माझ्याच दुकानात, त्या काकांसमोर?

मी बाहेर आले.

"चष्मा बरोबर आहे, मावशी," मी म्हटलं. "पेरू चुकलाय."

"क्या हुआ पेरू को?" काका म्हणाले.

मावशीने चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे चांगलं निरखून बघितलं. "हां. आता बरोबर दिसाया लागलं," ती म्हणाली. टॉवेलची घडी केली, पिशवीत टाकली, फिरोजाबादी पेरू तिथेच ठेवला आणि उठली. "रविवारी ये. चर्चातली मिस्सा झाल्यावर. रिकाम्या हाती येऊ नको."

रविवारी नवरा बरोबर आला. मी नको म्हटलं होतं, पण तो म्हणाला, "अडतीस वर्षं मुलांची कॉपी पकडली. बायकोची पकडलेली बघायला जाणारच." बसमध्ये त्याने खरा पेरू मांडीवर घेतला होता, दोन्ही हातांनी धरून, बाळाला लस टोचायला नेतात तसा. खोटा माझ्या पिशवीत होता.

मावशी ओटीवर बसली होती. मी दोन्ही पेरू तिच्यापुढे ठेवले आणि जे केलं ते सांगितलं. फिरोजाबाद, ओट्यावरची घासाघास, चहा, सगळं. मावशीने मला पुरं बोलू दिलं, आणि मग हसायला लागली ती इतकी की तिला ठसका लागला आणि नवऱ्याने तिला पाणी आणून दिलं.

"तू गेलीस आन् अर्ध्या तासात कोंबडी टोपली पाडून बाहेर," ती म्हणाली. "तीन वर्सांत कधी पाडली न्हाय. मी पेरू उचलला तर हलका. मग चष्मा लावून बघितला. चष्मा चांगला केलास तू, त्यात खोट न्हाय."

जुन्या काचेत शिसं असतं, म्हणून ती जड. मी बुडाचे ओरखडे मोजत बसले आणि वजन करायचं विसरले. एका खुडूक कोंबडीने मला पकडलं होतं.

"मग दुकानात तसं का नाही म्हणालात?"

"चोर म्हणायला मना काय वेळ लागला असता? पन तू काय म्हणतेस ते मना ऐकायचं होतं."

नवऱ्याने विषय बदलावा म्हणून विचारलं, "मावशी, तुमच्या यजमानांनी हा कुठून घेतला अमेरिकेत?"

"घेतला का उचलला ते देवाला ठाऊक," मावशी म्हणाली. "मना म्हणाला, भेट दिली कुणीतरी. पन दर ईस्टरला फादरकडं कबुलीला गेला की लय वेळ लावायचा."

मग मी तिला सगळं खरं सांगितलं. पेरू नाही, नासपती आहे. दीडशे वर्षांची असेल. तिकडचे लोक काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवतात आणि असा एक मिळाला तर आनंदाने भलीमोठी रक्कम मोजतात. तुमची इच्छा असेल तर मी त्या संग्राहकाला विचारते, पैसे सगळे तुमचे. हे सांगताना मला मनापासून हलकं वाटत होतं. तीन वर्षं हीच माहिती मी तिच्यापासून दडवली होती.

मावशीने सगळं ऐकलं. खरा पेरू हातात घेतला, फिरवला, उन्हाकडे धरला.

"येवढा जुना?"

"एवढा जुना."

"म्हंजे अजून बरीच वर्सं टिकंल," ती म्हणाली, अंगणात उतरली आणि पेरू टोपलीवर ठेवून आली.

माझ्या शेजारी नवऱ्याचे खांदे हलत होते. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

शिक्षा मात्र तिने दिलीच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तारोडीला यायचं आणि तिच्या ओटीवर बसून गावातल्या बायकांचे डोळे तपासायचे. मासळी निवडून, जाळी विणून त्यांचे डोळे गेलेले, आणि भाईंदरला यायला त्यांना सवड नाही. मी कबूल झाले. खोटा पेरू ती म्हणाली, "तुझा तू ने." तो आता आमच्या फ्रिजवर असतो आणि त्याच्याखाली विजेची बिलं असतात.

याला दोन वर्षं होत आली. दर महिन्याला ट्रायल फ्रेम आणि भिंगांची पेटी घेऊन मी जाते, खांबाला तक्ता टांगते आणि शक्यतो अंगणाकडे पाठ करून बसते. मावशी शेजारी खुर्ची टाकून कोण आंधळं, कोण आळशी ते मला आधीच सांगते. गेल्या रविवारी मी तिचे डोळे तपासले. दुसऱ्या डोळ्यालाही आता मोतीबिंदू धरलाय अशी मला शंका होती. पण तिने वरची ओळ वाचली, मधली वाचली, सगळ्यात खालची बारीक अक्षरंही घडाघडा म्हणून दाखवली. मी चकित झाले. मग मी माझ्या पाठीमागच्या तक्त्यापाशी जाऊन तो नीट बघितला आणि परत आले.

"मावशी, वाऱ्याने तक्ता उलटा झालाय. तुमच्याकडे त्याची कोरी बाजू आहे."

मावशी जराही गडबडली नाही. "दोन वर्सं लोकांकडून ऐकतंय मी," ती म्हणाली. "पाठ हाय मना. तू दुसरा तक्ता आण."

ऑपरेशनची तारीख मी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ठरवली. दुसरा तक्ताही घेतलाय. त्याच्यावरची अक्षरं कुणासमोर मोठ्याने वाचायची नाहीत, असं मी गावातल्या बायकांना बजावून ठेवलंय. त्या सगळ्या हो म्हणाल्या आणि सगळ्याच हसत होत्या.